नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज

बेंगळुरूच्या टाउन हॉलपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, नगरथपेठेला लागून सदर पत्रप्पा रोड आहे. पूर्ण नाव पाटीपुरतं. लोकांच्या तोंडी तो एस. पी. रोड. रॅम, हार्ड डिस्क, चार्जर, कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप आणि ते दुरुस्त करणारे चिंचोळे गाळे, असा हा बाजार. या शहरात नवं सॉफ्टवेअर व्हाइटफील्डला आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत लिहिलं जातं, आणि जुनं सॉफ्टवेअर जगवायचं काम या रस्त्यावर चालतं. इथे येणाऱ्या गिऱ्हाइकांचा एक प्रश्न वर्षानुवर्षं तोच आहे, त्यातला आकडा तेवढा बदलतो. २००८ च्या आसपास लोक विचारत, ‘व्हिस्टा काढून एक्सपी टाकून मिळेल का?’ पुढे आठ काढून सात टाकायची मागणी आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि आता अकरा काढून दहा मागणारे येतात.

प्रश्न साधा वाटतो. पेनड्राइव्ह लावायचा, फॉरमॅट मारायचा, अर्ध्या तासात काम संपलं. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मशीनवर ते तसंच होतं. आजच्या लॅपटॉपवर मात्र सेटअप कधी डिस्कच दाखवत नाही, कधी माउस हलत नाही, कधी पडदा ‘स्टार्टिंग विंडोज’वर गोठून राहतो. हे अडथळे वरवर पाहता कसेही येतात, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि प्रत्येकाला कारण आहे. तो क्रम समजला की हा खटाटोप कुठे करावा आणि कुठे सोडून द्यावा, हेही ठरवता येतं.

मागणी येते कुठून

‘जुनं ते सोनं’ म्हणणारे थोडेच असतात. बहुतेकांना जुनी विंडोज हवी असते ती एखाद्या जुन्या प्रोग्रॅमपायी.

हिशेबाचंच घ्या. टॅली हे बेंगळुरूचंच अपत्य. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी ‘प्युट्रॉनिक्स’ या नावाने सुरू केलेली कंपनी पुढे टॅली सोल्युशन्स झाली. टॅलीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या डॉसवर चालणाऱ्या होत्या. अशा १६-बिट प्रोग्रॅमसाठी लागणारी सोय ३२-बिट विंडोजमध्ये असते, ६४-बिट विंडोजमध्ये ती ठेवलेलीच नाही. विंडोज ११ तर केवळ ६४-बिटमध्येच मिळते. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या वह्या उघडून पाहायच्या असतील, तर एखाद्या व्यापाऱ्याला नवा लॅपटॉप घेऊनही जुन्या विंडोजच्या दारात यावं लागतं.

दुसरा मोठा वर्ग डीटीपीवाल्यांचा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव इथे जशी पेजमेकर आणि श्रीलिपीवर पानं लावली जात, तशीच बेंगळुरूतही कन्नड पानं लागत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ ची; तिला युनिकोड कळत नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या मशीनवर तोच मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. त्या काळच्या अनेक प्रतींना हार्डवेअर लॉकही असे, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचायचा डाँगल. आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. यूएसबीचा प्रिंटर-कन्व्हर्टर लावला तरी तो प्रिंटरपुरता. लॉकशी त्याचं सहसा जुळत नाही.

तिसरा वर्ग यंत्रवाल्यांचा. आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत गणली जाणारी पीण्या वसाहत याच शहरात आहे. तिथली सीएनसी यंत्रं पंचवीस वर्षं टिकतात, त्यांच्याशी बोलणारा संगणक सात वर्षांत मोडीत जातो. एस. पी. रोडच्या शेजारच्या सराफी पेठांत सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेल्या गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, मराठी घरं आहेत. त्यांचं सोन्याचा टंच काढणारं एक्स-रे मशीन असो की प्रयोगशाळेतलं तपासणी यंत्र, प्रकार तोच: यंत्र लाखांचं, आणि त्याचं सॉफ्टवेअर ज्या विंडोजसाठी लिहिलं त्यापुढे गेलेलंच नाही. यंत्र बदलणं परवडत नाही, म्हणून विंडोज मागे न्यायची.

ज्याचा जन्म नंतरचा, त्याची ओळख नाही

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्यक्ष हार्डवेअरशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो दुभाष्या: एका बाजूला विंडोजची भाषा, दुसऱ्या बाजूला त्या विशिष्ट चिपची. विंडोजच्या डिस्कवर असे हजारो दुभाषे सोबत दिलेले असतात, पण ते ती डिस्क तयार झाली त्या दिवसापर्यंतचे. त्यानंतर बाजारात आलेल्या चिपसाठी दुभाष्या बाहेरून आणावा लागतो, आणि तो कुणीतरी लिहिलेला असावा लागतो.

म्हणून या विषयात तारखा महत्त्वाच्या. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आली, विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ ला. यूएसबी ३.० च्या कंट्रोलरची आजची पद्धत, एक्सएचसीआय, २०१० मध्ये निश्चित झाली. एनव्हीएमई या वेगवान डिस्कची पहिली अधिकृत रूपरेषा मार्च २०११ ची. म्हणजे आजच्या लॅपटॉपचे दोन मुख्य रस्ते, साठवण आणि यूएसबी, विंडोज ७ नंतर जन्मले. विंडोज ७ त्यांना ओळखत नाही, यात तिचा दोष नाही आणि लॅपटॉपचाही नाही. उलट दिशेला ही अडचण येत नाही, कारण नवी विंडोज बनवणाऱ्यांपुढे जुनी चिप हजर असते.

पहिला अडथळा: लॅपटॉप सुरू होतानाच

बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून हे काम बायोस करत आलं. त्याची रीत साधी होती: डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्यात जो कोड असेल तो चालवायचा. त्या तुकड्यात कोडला ४४६ बाइट, पार्टिशनच्या नोंदीला ६४ आणि शेवटी ओळखखुणेला २ बाइट. नोंदीची जागा चारच पार्टिशनची, आणि क्रमांक ३२-बिटांचे असल्यामुळे २ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्या नोंदीत मावतच नाही.

ही तोकडी व्यवस्था बदलण्यासाठी इंटेलने ईएफआय आणलं, आणि २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या संघटनेकडे सोपवल्यावर त्याचं यूईएफआय झालं. ते डिस्कवरची फाइल थेट वाचू शकतं आणि जीपीटी नावाची मोठी नोंदवही वापरतं. मधल्या काळात बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन्हींची सोय असे. यूईएफआयच्या आत जुन्या बायोसचं सोंग घेणारा भाग असे, त्याला सीएसएम म्हणतात. सेटअपमध्ये ‘लेगसी’ निवडलं की एक्सपीलाही वाटे, आपण आपल्याच काळात आहोत.

२०१७ मध्ये इंटेलने जाहीर केलं, की २०२० पर्यंत हे सोंग बंद होईल. त्यानंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ‘लेगसी’ हा पर्यायच सापडत नाही. इथे एक्सपी आणि ३२-बिट विंडोज ७ यांचा रस्ता संपला, कारण त्यांना यूईएफआयवरून सुरूच होता येत नाही. ६४-बिट विंडोज ७ ला येतं, पण अर्धवट: पडद्यावर चित्र काढण्यासाठी ती अजून बायोसच्या जुन्या व्हिडिओ सेवेला हाक मारते. सीएसएम नसेल तर त्या हाकेला उत्तर देणारं कोणी नसतं, आणि लोगोची नक्षी फिरण्याआधीच पडदा गोठतो. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून लोक चार वेळा बदलून पाहतात. खरं कारण हे असतं.

त्यात आणखी एक कुलूप सिक्युअर बूटचं. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आलेली ही सोय सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमवरची डिजिटल सही तपासते. विंडोज ७ च्या वेळी ही पद्धतच नव्हती, म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं जातं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, पण घाई करू नये. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. सिक्युअर बूटला हात लावला की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आधी लिहून न घेता सेटिंगशी खेळलं, तर स्वतःच्याच फायली स्वतःला उघडता येत नाहीत.

दुसरा अडथळा: डिस्क दिसत नाही

एस. पी. रोडवरच्या मुरलेल्या कारागिरांना एक्सपीचा ‘सेव्हन-बी’ एरर पाठ असेल. निळा पडदा, त्यावर आकड्यांची रांग, आणि शेवटी ७ बी. अर्थ एवढाच, की ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती विंडोजला सापडली नाही. एक्सपीला जुनी आयडीई पद्धत येत असे. साटा डिस्क एएचसीआय पद्धतीने जोडलेली असली की ती गोंधळे. उपाय दोन. बायोसमध्ये डिस्क ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ पद्धतीवर टाकायची, नाहीतर सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा. मात्र एफ६ दाबल्यावर एक्सपी ड्रायव्हर मागे तो फ्लॉपीवर, आणि तोवर लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह गेलेली असे. म्हणून लोक एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी जाळत.

विंडोज ७ ला एएचसीआय येतं, पण एनव्हीएमई येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने नंतर केबी २९९०९४१ या क्रमांकाची दुरुस्ती काढली. ती सेटअपच्या फायलींत आधीच घालावी लागते, कारण विंडोज बसल्यावर टाकू म्हटलं तर बसायला डिस्कच दिसत नसते. विंडोज ८.१ पासून ही गरज उरली नाही.

हा प्रश्न फार जुन्या विंडोजचाच आहे असंही नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. तिथे विंडोज १० चा, कधी ११ चाही सेटअप ‘एकही ड्राइव्ह सापडली नाही’ असं सांगतो. इंटेलचा स्टोअरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ दाबलं की डिस्क दिसते. चिप सेटअपच्या फायलींपेक्षा नवी असली, की वयाचा फरक दोन वर्षांचा असो की बारा, परिणाम तोच.

तिसरा अडथळा: सेटअप चालू, माउस बंद

विंडोज ७ च्या सेटअपमधला सर्वात फसवा निरोप असा: सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिळत नाही. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, सेटअप पेनड्राइव्हवरून चाललेला, मग हे काय? घडतं ते असं. सुरुवातीच्या काही फायली फर्मवेअरने वाचून दिलेल्या असतात. मग सूत्रं विंडोजकडे येतात, ती पुढच्या फायली वाचायला स्वतः पेनड्राइव्हकडे वळते, आणि तो ज्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आहे त्याचा ड्रायव्हर तिच्याकडे नसतो. ज्या पेनड्राइव्हवरून ती आली, तोच तिला दिसेनासा होतो.

२०१५ पर्यंत पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावून वेळ मारून नेता येई. त्या वर्षी आलेल्या सहाव्या पिढीच्या स्कायलेक प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमधून इंटेलने यूएसबी २ चा वेगळा कंट्रोलर काढून टाकला. सगळी पोर्ट एक्सएचसीआयच्या ताब्यात गेली. बाहेरून काळं दिसणारं पोर्टही आतून नवंच. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बऱ्याचदा जुन्या पीएस/२ मार्गाने जोडलेला असल्यामुळे चालतो. टचपॅड नव्या मार्गावर असेल तर मरून पडतो.

यावर इंटेलने स्वतःच विंडोज ७ च्या पेनड्राइव्हमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर घालणारं छोटं साधन दिलं होतं. हाताने करायचं तर डीआयएसएम ही मायक्रोसॉफ्टची आज्ञा वापरतात. सेटअपच्या पेनड्राइव्हवर ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ अशा दोन मोठ्या डब्ल्यूआयएम फायली असतात. पहिलीतून सेटअप चालतो, दुसरी डिस्कवर उतरते. ड्रायव्हर दोन्हींत घालावा लागतो. नुसता पहिलीत घातला तर सेटअप नीट पार पडतो आणि पहिल्यांदा लॉगिन करताना माउस गायब असतो.

बसली, पण नांदत नाही

तिन्ही अडथळे पार करून डेस्कटॉप दिसला, की लोक सुटकेचा श्वास टाकतात. खरी कुरकुर तिथून सुरू होते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसेल तर विंडोज साध्या व्हीजीएवर चालते: अक्षरं फुगलेली, ब्राइटनेस बदलत नाही, दुसरा पडदा लागत नाही. इंटेलने सातव्या पिढीपासून विंडोज ७ साठी ग्राफिक्सचा अधिकृत ड्रायव्हर दिला नाही. २०१९ मध्ये आलेल्या इंटेलच्या एएक्स२०० या वाय-फाय कार्डाचे ड्रायव्हर विंडोज १० पासून पुढचेच. वाय-फाय नाही म्हणजे बाकीचे ड्रायव्हर उतरवायला दुसरं मशीन शोधा.

झाकण मिटल्यावरची झोपही बिघडते. विंडोज ७ ला एस३ नावाची जुनी निद्रावस्था माहीत आहे. आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती नाही, तिच्या जागी फोनसारखी अर्धजागी अवस्था आहे. परिणामी बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापतो किंवा बॅटरी संपवतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीत एकाच प्रोसेसरमध्ये दणकट आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर आले. कोणतं काम कोणाला द्यायचं याची समज विंडोज ११ ला दिलेली आहे, विंडोज ७ ला सगळे कोअर सारखेच. आणि ३२-बिट विंडोज हवी असेल तर १६ जीबी रॅमपैकी जेमतेम सव्वातीन-साडेतीन जीबी हाती लागते. उरलेल्या रॅमसाठी मोजलेले पैसे वाया.

ड्रायव्हर लिहीत का नाहीत, असं गिऱ्हाईक वैतागून विचारतं. ते लिहिणारे हात याच शहरात आहेत. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत केंद्र उघडलं तेव्हापासून चिपच्या जगाचा या शहराशी संबंध आहे, आणि इंटेलचा ‘डनिंग्टन’ हा सहा कोअरचा प्रोसेसर इथल्याच अभियंत्यांनी आखला. तो २००८ मध्ये बाजारात आला. कौशल्याची वाण नाही. पण प्रत्येक ड्रायव्हर प्रत्येक विंडोजवर तपासून, त्यावर सही घेऊन, पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करत राहावं लागतं. ज्या विंडोजला तिच्या मालकानेच सोडलं, तिच्यासाठी हा खर्च कोणती कंपनी करेल?

मालकाने सोडलंय ते उघडपणे. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की इंटेलच्या कॅबी लेकपासूनचे नवे प्रोसेसर विंडोज १० आणि त्यापुढेच चालवायचे. २०१७ मध्ये तर अशा प्रोसेसरवरच्या विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्याही नाकारल्या जाऊ लागल्या. पडद्यावर ‘हार्डवेअरला आधार नाही’ असा निरोप येई. ॲपलची रीत आणखी सोपी: मॅक ज्या प्रणालीसह विकला गेला, त्याहून जुनी त्याच्यावर बसतच नाही.

परवान्याचा मामला वेगळा. व्हिस्टाच्या काळात बिझनेस आवृत्ती घेणाऱ्याला एक्सपी प्रोफेशनलवर उतरण्याचा हक्क होता, पुढे विंडोज ८ प्रो घेणाऱ्याला विंडोज ७ प्रोफेशनलवर. होम आवृत्तीला तो हक्क नाही. ‘डॉसवाला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तर फ्रीडॉस ही मोफत प्रणाली असते, तिच्याबरोबर कुठल्याच विंडोजचा परवाना येत नाही. गाळ्यावर ‘टाकून दिलेली’ विंडोज अधिकृत आहे, असं समजायचं कारण नाही.

दारं उघडी ठेवून राहणं

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली भोकं सहसा तशीच राहतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणीखोर किडा जगभर पसरला, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात अडकले. त्याच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. कॅस्परस्कीच्या पाहणीत बळी पडलेल्यांत प्रचंड बहुसंख्या विंडोज ७ ची निघाली, म्हणजे इलाज उपलब्ध असून तो न घेतलेल्यांची. सोडून दिलेल्या विंडोजला तर सहसा इलाजच येत नाही.

आपल्या बँकांचाही यात वाटा आहे. एक्सपीचा आधार संपून चार वर्षं झाली तरी कित्येक एटीएम तिच्यावरच चालत होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून तारखा बांधून दिल्या: सप्टेंबर २०१८ पर्यंत पाव एटीएम, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सगळी आधार असलेल्या प्रणालीवर हलवा. तोवर बायोसला पासवर्ड घाला, यूएसबी पोर्ट बंद करा, असंही सांगितलं.

घरच्या वापरात धोक्याआधी गैरसोयच दिसते. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. जुनी प्रमाणपत्रं कालबाह्य झाल्यामुळे अनेक संकेतस्थळं उघडतच नाहीत. २०१९ पासून मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांवरची सही नव्या एसएचए-२ पद्धतीची झाली. ताजी बसवलेली विंडोज ७ ती सही ओळखत नाही, आधी तिला ओळखायला शिकवणारी वेगळी दुरुस्ती टाकावी लागते.

लॅपटॉपच्या आत दुसरा लॅपटॉप

एवढं सगळं वाचून निराश व्हायचं कारण नाही, कारण बहुतेकांच्या गरजेला सरळ उत्तर आहे: व्हर्च्युअल मशीन. नव्या लॅपटॉपवरची विंडोज ११ तशीच ठेवायची. तिच्यात व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन किंवा प्रो आवृत्तीबरोबर येणारं हायपर-व्ही यांपैकी काही बसवायचं. हे सॉफ्टवेअर संपूर्ण खोटा संगणक उभा करतं आणि त्यात जुनी विंडोज टाकता येते. व्हर्च्युअलबॉक्स विनाशुल्क आहे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोही २०२४ पासून फुकट मिळतं.

यातली गंमत अशी, की हा खोटा संगणक मुद्दाम जुना असतो. व्हर्च्युअलबॉक्स जो चिपसेट दाखवतं, तो नव्वदच्या दशकातल्या इंटेलच्या पीआयआयएक्स३ ची नक्कल आहे. एक्सपीला समोर तिच्या ओळखीची आयडीई डिस्क, ओळखीचं नेटवर्क कार्ड आणि खरा वाटणारा बायोस मिळतो. सेव्हन-बी येत नाही, एफ६ लागत नाही. वर पाहिलेले सगळे अडथळे एकाच कारणाने नाहीसे होतात: जुन्या विंडोजला नव्या हार्डवेअरची गाठच पडत नाही.

एक्सपीला एक जीबी रॅम आणि वीस जीबी जागा पुष्कळ झाली. शेअर्ड फोल्डर लावला की फायली आतबाहेर नेता येतात. यूएसबीचा डाँगल किंवा यंत्राचा सिरियल कन्व्हर्टर आतल्या विंडोजच्या हवाली करता येतो. नेटवर्क मात्र तोडून ठेवावं; आतला प्रोग्रॅम चालायला इंटरनेट लागत नसेल, तर जुन्या विंडोजची उघडी दारं बाहेरच्यांना दिसतच नाहीत. सगळं जमल्यावर स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे उद्या काही बिघडलं तर क्षणात पूर्ववत. शिवाय हा अख्खा संगणक म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. पाच वर्षांनी लॅपटॉप बदलला तर ती उचलून नव्यावर ठेवायची. परवाना मात्र इथेही लागतो, व्हर्च्युअल म्हणून सूट नाही.

हा उपाय कुठे तोकडा पडतो, तेही सांगायला हवं. पॅरलल पोर्टचा लॉक, संगणकाच्या आत बसवायचं खास कार्ड, किंवा क्षणाचाही उशीर न चालणारं यंत्र असेल तर खोटा संगणक पुरत नाही. तिथे नव्या लॅपटॉपशी झगडण्यापेक्षा त्या काळातलं मशीनच घ्यावं. कंपन्यांनी काढून टाकलेले २०१२ च्या आसपासचे थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड एस. पी. रोडसारख्या बाजारात मिळतात. तिसऱ्या पिढीच्या त्या इंटेल प्रोसेसरला विंडोज ७ चे सगळे ड्रायव्हर आहेत, त्यातल्या ग्राफिक्सला एक्सपीचेही होते. असं मशीन यंत्राशेजारी ठेवावं, त्याला इंटरनेट देऊ नये, आणि त्याच्या डिस्कची प्रत काढून कपाटात ठेवावी.

तरीही थेट बसवायचीच असेल

काही जण तरीही थेट बसवतीलच. त्यांनी क्रम पाळावा. आधी प्रोसेसरची पिढी पाहावी: सहाव्यापर्यंत विंडोज ७ ची आशा धरायला हरकत नाही, सातव्या-आठव्यात तडजोडी कराव्या लागतात, अकराव्यापुढे प्रयत्नच करू नये. मग कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलखाली हव्या त्या विंडोजचे ड्रायव्हर आहेत का, ते पाहावं. ही यादी रिकामी असेल तर तेच उत्तर समजावं. रिकव्हरी की लिहून घ्यावी. मूळ डिस्कची संपूर्ण प्रत काढावी, किंवा त्याहून बरं, मूळ डिस्क काढून ठेवून दुसरीवर प्रयोग करावा. परत फिरायचा रस्ता मोकळा असतो, कारण विंडोज ८ पासून मूळ विंडोजची की लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की ती आपोआप अधिकृत होते. अकरावरून दहावर येणाऱ्यांचा मार्ग तुलनेने सोपा, पण घरगुती वापरकर्त्यांना दहाच्या वाढीव दुरुस्त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार, हे धरून चालावं.

गाळ्यावर मात्र पहिला प्रश्न विंडोजचा नसावाच. कोणता प्रोग्रॅम चालवायचा आहे, आणि त्यातून शेवटी काय बाहेर काढायचं आहे, हे आधी ठरवावं. जुन्या टॅलीतले हिशेब एक्सेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये उतरवता येतात. श्रीलिपीतला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेता येतो. जोडाक्षरं तपासावी लागतात, पण एकदाच. यंत्राची मोजमापं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठवता येतात. जुनी विंडोज, मग ती व्हर्च्युअल असो की जुन्या थिंकपॅडवरची, फार तर काही वर्षांची मुदत मिळवून देते. त्या मुदतीत माहिती बाहेर काढली, तर पुढच्या लॅपटॉपच्या वेळी कोणती विंडोज टाकायची हे विचारायची वेळ येणार नाही. मुदत नुसतीच वापरून संपवली, तर प्रत्येक नव्या लॅपटॉपबरोबर हा खटाटोप आधीपेक्षा महाग होत जाईल, आणि एक दिवस तो करून देणारा कारागीरही मिळणार नाही.